पागोळ्यांची रेघ

"माकडं असतील," इनासकाका म्हणाले.

मी फडक्यावरचा एक बोल्ट उचलून त्यांच्या नाकासमोर धरला. "हो का? मग तुमच्या आगारखाडीची माकडं पान्हा वापरायला शिकली म्हणायची! आणि वायसर एकीकडे, नट एकीकडे असं निवडून ठेवायला कुणी शिकवलं त्यांना?"

फादर रेमंडनी खाकरून दुसरीकडे बघितलं, कारण त्यांना हसू येत होतं. मला मात्र मुळीच हसू येत नव्हतं. कॅथेड्रलच्या दक्षिण बाजूला, कौलांच्या कडेखाली आम्ही लावलेली पत्र्याची पन्हळ पुन्हा खाली आली होती. पडली नव्हती, काढून ठेवली होती. तिचे सगळे तुकडे भिंतीशी नीट रचलेले, कुठे पोचा नाही, ओरखडा नाही. हे तिसऱ्यांदा झालं होतं आणि मे महिना संपत आला होता.

त्या काळी मी त्या कॅथेड्रलची पुरातत्त्वज्ञ होते. असं सांगितलं की लोक हमखास दोन प्रश्न विचारतात. सोनं सापडलं का? आणि चर्चला पुरातत्त्वज्ञ कशाला लागतो? सोनं नाही सापडलं. आणि लागतो अशासाठी, की चारशे वर्षांच्या इमारतीला घरचा डॉक्टर लागतो. कुठे कुदळ मारायची असेल तर मी हजर पाहिजे, दगड बदलायचा असेल तर मला विचारलं पाहिजे, खिळा ठोकला तरी मी ओरडणार. बिशपनी मला नेमलं त्याला कारणही तसंच झालं होतं. जुबिलीच्या वर्षी इथल्या लोकांनी भक्तिभावानं घरटी सिमेंटची पोती आणली आणि चुन्याच्या जुन्या भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला. चुन्याची भिंत श्वास घेते. तिला यांनी रेनकोट घालून बसवलं. आत शिरलेलं पाणी बाहेर पडेना आणि दक्षिण भिंतीला पोट सुटलं.

त्यात छपराचं पाणी. सगळ्या पागोळ्या बरोबर भिंतीच्या पायाशी पडायच्या आणि पायाखालची माती धुऊन न्यायच्या. मी भेगांवर काचेच्या पट्ट्या चिकटवल्या होत्या. भिंत हलली की काच तडकते, साधा हिशेब. त्या सकाळी आणखी एक पट्टी तडकली होती. भिंतीच्या आतल्या अंगाला मिस्सेच्या, म्हणजे रविवारच्या प्रार्थनेच्या, वेळी बायका बसतात, लेकरं मांडीवर घेऊन. पावसाआधी पन्हळ लागली नाही आणि पाणी वाहून न्यायला चर झाला नाही, तर ती भिंत कधीतरी त्यांच्या अंगावर येणार होती. मला झोप लागेनाशी झाली होती.

"फादर, आता स्पष्ट सांगते," मी म्हटलं. "रविवारपर्यंत पन्हळ वर राहिली नाही, तर मी बिशपना लिहून देणार, कॅथेड्रल बंद करा. कुलूप लावा."

"अहो टिपणीसबाई, लग्नं आहेत..."

"लग्नं मांडवात लावा! भिंत काय पत्रिका बघून पडणार आहे?"

इनासकाकांचा चेहरा उतरला. इनास तुस्कान म्हणजे कॅथेड्रलची देखभाल बघणारे गृहस्थ. डेपोतून मेकॅनिक म्हणून रिटायर झालेले, सत्तरीकडे झुकलेले, पण अंगानं काटक. घंटा तेच वाजवायचे, कुलपं-किल्ल्या त्यांच्याकडे, शिडीच्या खोलीची किल्लीही त्यांच्याच कमरेला. एवढं डोळ्यांसमोर लटकत असताना मी मात्र भंगारवाल्यावर संशय घेतला, दोनदा त्याच्याशी भांडून आले. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! पण मला तरी कसं सुचावं? पन्हळीचा पत्रा निवडायला काका माझ्याबरोबर तालुक्याला आले होते. लावताना सगळ्यात जास्त घाम त्यांनीच गाळला होता.

"आज चर खणायला घेऊ," मी म्हटलं. "दक्षिण दारापासून सुरुवात. पागोळ्या पडतात त्या रेघेतच."

"तिथं नको," काका एकदम म्हणाले.

"का?"

"तिथं... खडक आहे."

"खडक लागला तर बघू."

"बाई, दुसरीकडून न्या ना चर. पलीकडनं न्या. माणसं मी देतो."

"पाणी जिथं पडतं तिथनंच न्यायला हवं ना, काका? खडकाशिवाय तिथं काही नाही ना? मग खणू द्या की."

ते वळून चालते झाले. मी फादरांकडे बघितलं. फादरांनी खांदे उडवले. तरुण होते ते, वर्षभरापूर्वीच इथं आलेले, गावातल्या अर्ध्या गोष्टी त्यांनाही कळत नसत.

दोन मजूर लावले आणि मी डोक्याला फडकं बांधून कडेला उभी राहिले. उभी कसली, येरझाऱ्या घालत होते. माझा स्वभाव मुळात घाईचा आणि धंदा असा पडला की त्यात घाई चालत नाही. वरची माती निघाली तशी पागोळ्यांची रेघ स्वच्छ दिसायला लागली. वर्षानुवर्षं पाणी पडून तिथं बारीक धुतलेल्या खड्यांचा पट्टा झाला होता. त्याखाली कुदळ कशावर तरी खट्कन वाजली.

"थांब! हात वर घे!" मी ओरडले आणि चरात उतरले.

मातीचा परळ होता, पसरट ताटलीसारखा, पालथा घातलेला. कुंचल्यानं माती झाडली, गवंड्याच्या करणीनं कड मोकळी केली आणि हलकेच उचलला. खाली हाडं होती. आधी वाटलं कोंबडी. मग कवटीचा तुकडा दिसला, अंड्याच्या कवचाइतका पातळ, आणि माझे हात थांबले.

जन्मलेलंच मूल. फार तर एखाद्या दिवसाचं.

मी मजुरांना चहा प्यायला पाठवलं. एकटीनं दाराच्या दिशेनं सरकत गेले. हातभर अंतरावर दुसरा परळ, मग एक मडकं, मग पुन्हा परळ. सगळे एका रेघेत, पागोळ्या पडतात बरोबर त्या रेघेत. भिंतीशी नाहीत, अंगणाकडे नाहीत. कोणी दोरी धरून ठेवावेत तसे. हाडं मी पुष्कळ बघितली आहेत, त्यांच्यावर भाकरी कमावली आहे. पण त्या दिवशी कुंचला खाली ठेवून मी चरातच बसले. कोण ही एवढी मुलं? आणि अशी चोरून का पुरली?

दक्षिण दाराच्या अगदी पायरीशी जे निघालं ते मडकं नव्हतं. जर्मनचा, म्हणजे अ‍ॅल्युमिनियमचा, डबा होता, घट्ट झाकणाचा, काळा पडलेला. म्हणजे हे चारशे वर्षांपूर्वीचं प्रकरण नव्हे. हे आमच्या आईच्या काळातलं. मी डबा उघडला नाही. ओल्या बोटानं झाकण पुसलं तर ठिपक्या-ठिपक्यांनी नाव घातलेलं दिसलं, माहेरच्या भांड्यांवर घालतात तसं. आंजेलीन.

त्या गावात आंजेलीन एकच होती. इनासकाकांची बायको. मला दर शुक्रवारी बोंबलाचं कालवण पाठवायची.

"ते आता आणखी पुसू नका, बाई."

मी वळले. काका चराच्या कडेला उभे होते. माध्यान्ह टळून गेली होती आणि घंटा झालीच नव्हती.

"काका, हे..."

"नाव वाचलंत ना? मग विचारता कशाला?" ते खाली बसले. गुडघे कटकन वाजले. "मुलगी होती. आली ती रडलीच नाही. सुईण म्हणाली, पाणी घालून बाप्तिस्मा द्यायला हिच्यात जीवच नव्हता. आणि बाप्तिस्मा नाही तर दफनभूमीत जागा नाही, तेव्हा तसंच होतं. मी तेव्हाच्या फादरांच्या पाया पडलो. ते म्हणाले, कुंपणाबाहेर पूर, खाडीच्या अंगाला. तिकडं लोक मेलेली ढोरं टाकायचे, बाई."

मी डब्यावरचा हात काढून घेतला.

"माझ्या बापानं मला कोपऱ्यात घेतलं. त्याला त्याच्या बापानं सांगितलेलं. म्हणाला, पाऊस देवळाच्या माथ्यावर पडतो, क्रूसावरनं, कौलांवरनं पागोळीनं खाली येतो. ते पाणी साधं राहतं का? त्या रेघेत लेकराला ठेवायचं. पहिल्याच पावसात त्याचा बाप्तिस्मा होतो. फादर देत नसेल तर देऊळ देतं. आणि दर पावसाळ्यात देत राहतं." त्यांनी वर कौलांच्या कडेकडे बघितलं. "तुम्ही पन्हळ लावलीत. सगळं पाणी कोपऱ्यातनं खाली जाणार. माझी पोर कोरडी राहील."

"म्हणून तुम्ही..."

"मीच काढायचो. दुसरं कोण? तोडवत नव्हती, देवळाची वस्तू."

"अहो काका, भिंत पडेल! आत बायका बसतात, लेकरं बसतात!"

"ठाऊक आहे ना!" ते ओरडलेच. "म्हणून तर तुमच्याबरोबर लावायला येतो. मनापासून लावतो. मग घरी जातो तर घास उतरत नाही. उठून येतो, काढतो. मला काय दोन जीव आहेत? एकच आहे, तो दोन्हीकडनं ओढतो."

मला त्यांचा राग यायला हवा होता. आला नाही. मी विचारलं, "आणि काकी? त्यांचं काय म्हणणं आहे?"

काकांनी मान खाली घातली. मातीतले खडे बोटानं इकडचे तिकडे करत राहिले.

"बायकांना सांगायचं नाही, हा नेम आहे. बायका कन्फेशनला जातात आणि मनातलं सगळं ओकतात. फादरला कळलं की उकरून बाहेर टाकणार. म्हणून बापानं पुरायचं आणि बापानं गप्प बसायचं. आंजेलीनला वाटतं, पोर खाडीच्या अंगाला आहे. दर वर्षी तिथं मेणबत्ती लावायला जाते."

"आणि तुम्ही?"

"मी बरोबर जातो. वारा असतो ना. हाताचा आडोसा धरतो."

आता मात्र मला राग आला. असा आला की मी चरातून बाहेर पडले आणि दाराशी जाऊन परत आले. "धन्य आहे तुमची! इतकी वर्षं त्या बाईला रिकाम्या जागेवर रडवलंत? कन्फेशनची भीती! अहो, ते फादर मरूनसुद्धा जमाना झाला असेल!"

"झाला," काका म्हणाले. "पण एकदा नाही सांगितलं की मग कधी सांगायचं, बाई? कुठल्या दिवशी?"

मी फादर रेमंडना बोलावलं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चराशी गुडघे टेकले, क्रूसाची खूण केली. भला माणूस. मग उठून काकांच्या खांद्यावर हात ठेवला.

"काका, आता चर्च असं सांगत नाही. या लेकरांना देवाच्या दयेवर सोपवतं. आपण सगळ्यांना दफनभूमीत नेऊ, मानानं. मी स्वतः प्रार्थना म्हणेन."

"आता?" काकांनी त्यांचा हात बाजूला केला. "आता जागा झाली होय? तेव्हा हात जोडून उभा होतो मी."

"तेव्हा मी जन्मलोसुद्धा नव्हतो, काका."

"म्हणून तुम्हाला सोपं आहे." मग ते माझ्याकडे वळले. "बाई, तुम्ही झाका हे. माती लोटा. चर दुसरीकडनं न्या आणि पन्हळ लावू नका. मी उरलं आयुष्य भिंतीला टेकू देत बसेन, पण माझं एवढं ऐका."

"टिपणीसबाई, तुमच्या शब्दाशिवाय इथं काही होत नाही," फादर म्हणाले. "तुम्हीच सांगा."

सांगा म्हणे! मी पुन्हा येरझाऱ्या घालायला लागले. मी दगडांची डॉक्टर, मला हे कशाला विचारता, असं ओरडावंसं वाटत होतं. वर पोट काढलेली भिंत, खाली ती रेघ. आकाशात ढगही जमायला लागले होते.

"चर मी हलवते," शेवटी मी म्हटलं. "ही माती पुन्हा होती तशी घालता येईल, एकाही परळाला धक्का लागणार नाही. पन्हळ मात्र हलवता येत नाही. पाणी इथं पडत राहिलं तर भिंत जाणार. पन्हळ लागणारच."

"म्हणजे पोर कोरडी."

"ते मी ठरवणार नाही, काका. फादरही ठरवणार नाहीत. आणि खरं सांगायचं तर तुम्हीसुद्धा एकट्यानं ठरवायचं नाही. तिला नऊ महिने पोटात वागवलेली बाई पलीकडच्या आळीत जिवंत आहे. तिला विचारा."

काका उठून उभे राहिले. मला वाटलं नाही म्हणतील. "मी येऊ का बरोबर?" मी विचारलं. त्यांनी नको म्हणून मान हलवली, किल्ल्यांचा जुडगा काढून फादरांच्या हातात दिला आणि गेले.

तो वेळ जाता जाईना. मी डब्यावर सावली धरली, मग काढली, मग पुन्हा धरली. फादर जपमाळ ओढत होते. एकदा म्हणाले, "बाई, बसा ना जरा." मी म्हटलं, "तुम्ही बसा."

आंजेलीनकाकी पुढं आणि काका मागं, असे ते आले. बुटकी, तुरतुरीत बाई, लाल चौकड्यांचं लुगडं, ओले हात, म्हणजे चुलीवरचं टाकूनच आलेली. रडत नव्हती. काकांकडे बघतही नव्हती. चराच्या कडेशी आली आणि वाकून बघितलं.

"हा माझा डबा," ती म्हणाली.

फादरांनी जपमाळ खिशात ठेवली.

"माझ्या माहेरचा. मला वाटलं सासूनं नणंदेला दिला. किती बोलले मी त्या म्हातारीला! मरेपर्यंत बोलले. ती पण कधी काही म्हणाली नाही." तिनं पदरानं नाक पुसलं. "हिला यात ठेवली होती?"

"हो," काका म्हणाले. "तुझ्याच लुगड्याच्या तुकड्यात. उघडी नाही ठेवली, आंजे."

"इथं?" तिनं पायरीकडे बोट केलं. "इथं मी चपला काढते. दर रविवारी. हिच्या अंगावर चपला काढून मी आत जायची, आणि देवाला सांगायची, माझं पोर खाडीवर एकटं आहे, त्याच्याकडं बघ."

काकांनी तोंडावर हात घेतला. मी भिंतीकडे तोंड फिरवलं. माझे डोळे गळत होते आणि मला ते पुसायचंही सुचत नव्हतं.

काकी मात्र वर बघत होती, कौलांच्या कडेला. मग खाली, खड्यांच्या पट्ट्याकडे. "आणि पाणी हितंच पडतं?"

"हो. म्हणून तर," काका घाईघाईनं सांगायला लागले. पागोळी, क्रूस, बाप, आजा, सगळं. दर पावसाळ्यात बाप्तिस्मा होतो ते. पन्हळ लावली की पोर कोरडी राहील ते. काकीनं सगळं नीट ऐकून घेतलं.

"फादर," ती म्हणाली, "बाप्तिस्मा कितीदा होतो माणसाचा?"

फादर चमकले. "एकदाच, काकी."

"दुसऱ्यांदा देता तुम्ही?"

"नाही. एकदा झाला की झाला."

"मग?" ती काकांकडे वळली, आणि त्या एवढ्याशा बाईचा आवाज अंगणभर घुमला. "पहिल्या पावसात झाला ना माझ्या लेकीचा बाप्तिस्मा? झाला! मग पुढचे एवढे पावसाळे ती नुसती भिजतेय? कुणाचं लेकरू ठेवतं का कुणी असं पाण्यात?"

काका बघतच राहिले.

काकी चरात उतरली. मी म्हणणार होते, सांभाळून, हात लावू नका, आधी फोटो काढू दे, मोजमाप घेऊ दे. नाही म्हटलं. तिनं डबा मातीतून सोडवला, मांडीवर घेतला आणि पदरानं पुसायला लागली. आधी झाकण, मग कडा, मग बूड. न्हाणीतून काढलेल्या पोराला पुसतात तसं, कुठं ओल राहू नये म्हणून पुन्हा पुन्हा. मग उठली आणि डबा छातीशी धरून फादरांना म्हणाली, "चला. जागा दाखवा कुठं ते."

काकांनी दोन्ही हात पुढं केले. "दे. मी घेतो."

"मी नेते," ती म्हणाली आणि भिंतीशी रचलेल्या पन्हळीकडे मान वळवली. "तुम्ही शिडी आणा."